डावी बाजू

इलियास मिस्त्रीनं चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपनं मोजलं, मग जीपच्या दुसऱ्या बाजूला जाऊन पुन्हा मोजलं. रानवाटेच्या दगडांना जीपचं पोट घासतं म्हणून तिच्या मालकांना, शिरोळकरांना, गाडी दोन इंच उचलून घ्यायची होती. नव्या स्प्रिंगांची किंमत ऐकून त्यांनी तो विचार मघाशीच सोडला होता. त्यांच्या ऐपतीत फक्त जुन्या स्प्रिंगांवरचं जाड पॅकिंग होतं.

"गाडीत किती जण असता?" मिस्त्रीनं विचारलं.

"चौघं. दर रविवारी रान पालथं घालतो."

मिस्त्रीनं टेप गुंडाळली. "साहेब, ड्रायव्हरची बाजू पाऊण इंच दबलीय. डावीकडच्या स्प्रिंगा अजून नव्यासारख्या आहेत. तिकडं कुणी बसलेलं दिसत नाही."

सहा वर्षं सगळ्यांना मारलेली थाप एका मापात उघडी पडली होती. शिरोळकरांनी नजर जीपच्या टपाकडं वळवली.

आपण उगाच बोललो असं मिस्त्रीला वाटलं असावं. तो आवाज उतरवून म्हणाला, "तुमच्या बाजूला जरा जास्त जाड पॅकिंग घालतो. पैसे तेवढेच. तुम्ही एकटे बसलात की गाडी एकदम सरळ."

"आणि शेजारी कुणी बसलं तर?"

"तर डावीकडं कलणार."

शिरोळकरांनी दार उघडलं. डाव्या सीटवरची पाण्याची बाटली आणि डबा उचलून मागं ठेवला.

"दोन्हीकडं सारखंच घाला," ते म्हणाले. "कललेली चालवायची सवय आहे मला."