घटकाभर थांबणं

१९७४ साली विंझरचा सावळाराम पुण्यात कॉम्प्युटरच्या भाषेवर काम करायचा. रजेवर घरी आला, तरी घास तोंडात नुसता फिरत होता. सगुणाबाईंनी लेकाला कारण विचारलं.

"आये, आमचं यंत्र त्याच्या आठवणीतली वापरून झालेली जागा लगोलग मोकळी करत चालतं. अडत न्हाई, पन लई हळू. नव्या रीतीनं ती जागा साठू देऊन मग एकदम मोकळी केली, तर काम झपाट्यानं उरकतं. पन मधीच ते घटकाभर थांबतं. तीन म्हैनं झालं, ते थांबणं काय जाईना."

"थांबलं तर फुडं कोन ताटकळतं?"

सावळारामला ऑफिसातला रिवाज आठवला. लोक सकाळी काम देऊन जात आणि उत्तर दुसऱ्या दिवशी नेत.

"कुनीच न्हाई."

"मग थांबू दे की!"

तो मोकळेपणानं हसला आणि त्यानं आणखी एक भाकरी मागून घेतली.

सोमवारी ऑफिसात साहेबांनी, थांबण्यानं कुणाचंच अडत नाही हे सांगणारं त्याचं टिपण दोनदा वाचलं आणि नव्या रीतीला मंजुरी दिली.

"हे आमच्या कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही? कुणाशी बोललात?"

"आईशी."

"अरे वा! कॉलेजात काय शिकवतात त्या?"

"भात लावतात, साहेब," सावळाराम ताठ मानेनं म्हणाला.