आईचा हिरवा झगा

लेनीने आईचा हिरवा झगा इस्त्री करून डोंगरावर आणला होता. स्कीपटूने कारकिर्दीची शेवटची फेरी झग्यात करायची, ही जर्मनीतल्या बव्हेरियाची रीत. पण शर्यतीच्या पहिल्या फेरीत ती एकतिसावी आली. दुसरीत पहिल्या तीसच जणी उतरतात. सोळा हिवाळ्यांनंतर निरोपाची फेरीही हुकली. "झगा घाल गं," प्रशिक्षक म्हणाला. "फेरीआधी उतार तपासायला कुणीतरी जातंच, आज तू जा. वेळ मोजत नाहीत, म्हणजे हरायचीही सोय नाही!" तिने झगा चढवला. दोनदा शस्त्रक्रिया झालेल्या उघड्या गुडघ्याला वारा जाणवलाच नाही. एकेक वळण नेहमीसारखं कापत ती खाली आली. कुंपणापाशी इतर प्रेक्षकांसारखीच गाईच्या गळ्यातली घंटा बडवत आई ओरडली, "लेनी, झग्याचा पार चोळामोळा केलास की!" सगळे हसले. लेनीही हसली. मग सवयीने मान वळवून तिने वेळेच्या फलकाकडे पाहिलं. फलक कोराच होता. ती बघत राहिली.