डोक्यावरनं गेलेलं विमान

कॅप्टन वीरधवलनं विमान धुक्यात घातलं आणि खालची कृष्णा दिसेनाशी झाली. मग ऊस गेला. मग स्वतःच्या विमानाचे पंखही.

"समोर काहीच नाही, सर," शेजारच्या खुर्चीतून तरन्नुम म्हणाली. ती सहवैमानिक, रहिमतपूरची, याच वर्षी नोकरीला लागलेली.

"दिसेल. थोडं खाली गेलं की फाटतं हे."

वीरधवल सांगलीचा. अर्धं आयुष्य हवाई दलात काढलेला. असलं सकाळचं धुकं त्यानं पुष्कळ पाहिलं होतं.

मागे डॉक्टर अंकिता बसल्या होत्या. त्यांच्या पायाशी पट्ट्यांनी आवळलेली एक पेटी होती. पेटीत, बर्फात, नागपूरहून आणलेलं यकृत. कराडच्या दवाखान्यात सतरा वर्षांची सृष्टी त्याची वाट बघत होती. ठरलेल्या उंचीपर्यंत धावपट्टी डोळ्यांना दिसली तर उतरायचं, नाहीतर वर जायचं, एवढाच नियम होता.

बाहेर काही दिसत नसलं की वैमानिक समोरच्या एका गोल तबकडीकडे बघतो. वर निळी, खाली तपकिरी. विमान सरळ आहे की कललंय, ते ती सांगते. वीरधवलला आपली तबकडी किंचित उजवीकडे कललेली दिसली. त्यानं हातातलं सुकाणूचं चाक हलकेच डावीकडे वळवलं. ती पुन्हा कलली. त्यानं पुन्हा वळवलं. आता सरळ.

"सर, विमान डावीकडे कलतंय."

"सरळ आहे."

"तुमच्याकडं सरळ हाय. माझ्याकडं न्हाई." घाईत तिच्या तोंडी घरचं बोलणं आलं. "मधलं बघा, बारकं. त्येबी कललंय."

वीरधवलनं पाहिलं. दोघांच्या मध्ये बसवलेली छोटी तबकडी तरन्नुमच्या तबकडीशी जुळत होती. वेगळं सांगत होती ती फक्त त्याची. पण त्याच्या अंगालाही विमान सरळच वाटत होतं. ते अंग आजवर त्याच्याशी कधी खोटं बोललं नव्हतं.

उंची कमी होत होती. धुक्यात कुठंतरी आगाशिवचा डोंगर होता.

"कॅप्टन, उतरतोय ना आपण?" कानातल्या हेडफोनमध्ये अंकितांचा आवाज आला. "आता उशीर परवडणार नाही."

वीरधवलची नजर आपल्या तबकडीवरून मधल्या तबकडीवर गेली.

"सर!" तरन्नुम म्हणाली.

"घे तुझ्याकडे. वर चल."

त्यानं चाकावरचे दोन्ही हात काढले आणि गुडघ्यांवर ठेवले.

तरन्नुमनं विमान उजवीकडे वळवून सरळ केलं, इंजिनांचा जोर वाढवला, नाक वर उचललं. त्याच क्षणी वीरधवलला वाटलं, आपण उजवीकडे कोसळतोय. त्याची तबकडीही तेच दाखवत होती. पोरगी चुकतेय. एकदाच, नुसता हात लावावा.

त्यानं तळवे गुडघ्यांवर घट्ट दाबले. मधल्या बारक्या तबकडीवर नजर रोवली आणि तिला ऐकू जाईल असं बोलायला लागला.

"उंची वाढतेय. वेग बरोबर आहे. सरळ आहेस. सरळच आहेस, अशीच ठेव."

एकेक शब्द त्याला खोटा वाटत होता. तो म्हणत राहिला.

धुकं पातळ झालं आणि एकदम संपलं. समोर लख्ख ऊन होतं. पश्चिमेला सह्याद्रीची कड दूरवर सरळ पसरली होती. दोन्ही पंख तिच्याशी समांतर होते. फक्त वीरधवलची तबकडी तेवढी तिरकी.

"पुन्हा एकदा प्रयत्न करता येणार नाही का?" अंकितांनी विचारलं.

"नाही. कोल्हापूरला जाऊ. तिथं स्वच्छ आहे."

"तिथून परत कराड म्हणजे तासाभराचा रस्ता. सृष्टीकडे तेवढा वेळ आहे का, मला सांगता येत नाही."

"मलाही सांगता येत नाही, डॉक्टर," वीरधवल म्हणाला.

कोल्हापूरला तरन्नुमनंच विमान उतरवलं. पेटी घेऊन ॲम्ब्युलन्स निघाली, पुढं पोलिसांची जीप. सायरनचा आवाज पार विरेपर्यंत दोघं पंखाखाली उभी राहिली.

"सर, हात काढले तेव्हा काय वाटलं तुम्हाला?"

"तू आता आपल्याला मारणार."

ती हसली नाही. तोही नाही.

त्यानंतरचा दिवस त्याला सरता सरेना. मेकॅनिकनं ती तबकडी काढून नेली. तिथल्या रिकाम्या भोकाकडे तो बराच वेळ बघत बसला.

संध्याकाळी अंकितांचा फोन आला. आवाज थकलेला होता. पेटी पोचली. ऑपरेशन झालं. यकृतानं काम सुरू केलंय, पुढचं आता बघू. "सृष्टीच्या वडिलांना तुमच्याशी बोलायचंय," त्या म्हणाल्या.

फोन दुसऱ्या हातात गेला.

"सायब, म्या गुंडा. माण तालुक्यातला. पोरीचा बाप."

"बोला."

"दवाखान्यात बसवंना म्हून धावपट्टीच्या कुंपणाला जाऊन हुबा राह्यलो हुतो. इमान दिसंना, पर आवाज आला. लय जवळ आला. वाटलं, आलंच आता. आन् मग डोक्यावरनं तसाच लांब गेला."

"व्हय."

"आवं, तवा म्या लय शिव्या घातल्या तुमास्नी. आईवरनं घातल्या. आता मन खातंय." त्यानं आवाज खाली आणला. "तुमास्नी काय ऐकू गेलं न्हाई न्हवं?"

वीरधवल म्हणाला, "न्हाई वो. आमी लय वर गेलो हुतो."