वैशाखाची वाळू

"बोल लिंबाजी, मोटार नदीच्या वाळवंटात कोणत्या महिन्यात घालायची?"

गंगाखेडच्या व्यंकटराव देशमुखांनी हैदराबादेहून नवीकोरी मोटार आणली होती. सडकेवर पळवून पळवून मन भरलं, तेव्हा त्यांना गोदावरीच्या पात्रातून, वाळूवाळूने पाच कोस जायची हौस आली. अशा बाबतीत विचारायचं कुणाला, तर लिंबाजीला. चाळीस वर्षं त्याने त्या वाळूतून बैलगाडी हाकली होती. त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

उत्तर त्याला झोपेतही देता आलं असतं. माघ. माघात वाळूला ओल असते, चाकाखाली ती घट्ट बसते. वैशाखात तीच वाळू कोरडीठाक होते आणि चाक गिळून टाकते.

"वैशाखात, मालक," लिंबाजी म्हणाला, आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

पण करणार काय? नदीच्या वळणावरच्या गावात त्याची लेक कोकिळा दिली होती. लग्नाच्या गडबडीत व्याह्याच्या चुलत्याला मानाचा फेटा बांधायचा राहून गेला. तेवढ्यावरून व्याह्याने, आप्पारावाने, येणं-जाणंच तोडलं. लिंबाजी एकदा "इवाई, चुकलं माझं" म्हणत हात जोडायला गेला, तर त्याला वेशीवरूनच परत लावलं. तीन वर्षं झाली. लेकीला मुलगा झाला, तो रांगायला लागला, हे त्याला बाजारात लोकांच्या तोंडून कळायचं. एकदा लेक-नातू डोळ्यांनी दिसावेत, एवढंच आता म्हाताऱ्याला हवं होतं. देशमुखांची मोटार त्या वळणावर रुतली, तर आप्पाराव काही त्यांना उन्हात उभं ठेवणार नव्हता.

वैशाखात मोटार निघाली. देशमुख स्वतः चालवत होते, लिंबाजी शेजारी बसून वाट दाखवत होता. वळण आलं तसा त्याने डावीकडे हात केला. शंभर पावलं गेली नाहीत तोच चाकं जागच्या जागी गरगरू लागली आणि मोटार पोटापर्यंत वाळूत बसली.

गावातून माणसं धावली. सगळ्यांच्या पुढे बैलजोडी आणि दोरखंड घेऊन आप्पाराव. त्याने लिंबाजीला पाहिलं, पण रामराम घातला तो देशमुखांनाच.

"मालक, बैलं मोटार वढतील तवर घरी चला. ऊन लय हाय."

लिंबाजीला कुणी चल म्हटलं नाही, थांबही म्हटलं नाही. तो मुकाट्याने मागून गेला.

पाण्याचा तांब्या घेऊन कोकिळा ओसरीवर आली. कडेवर पोर. बापाला बघताच अर्धा तांब्या खालीच सांडला. "बाबा, लय वाळलात की वो," एवढंच ती बोलली आणि पोर त्याच्या मांडीवर ठेवून आत पळाली. नातवाने आजोबाची मिशी धरून ओढली. लिंबाजी हसत होता आणि रडतही होता, आणि दोन्ही लपवायची त्याची धडपड चालली होती.

देशमुख मात्र घाम पुसता पुसता तापले होते.

"आप्पाराव, तुम्ही नदीकाठचे. खरं सांगा. ह्या लिंबाजीच्या शब्दावर मी वैशाखात आलो. महिना चुकला का माझा?"

लिंबाजीचं चाळीस वर्षांचं नाव तर जाणारच होतं. पण आता मांडीवरचं पोरही उचलून नेतील, पुन्हा कधी दिसायचं नाही, ह्या धास्तीने त्याने त्याला घट्ट धरलं. आप्पारावाला काय कळत नव्हतं? चाकं कुठे रुतली ते बघूनच त्याने सगळं ओळखलं होतं. त्याने एकदा आजा-नातवाकडे बघितलं.

"महिना बराबर हाय, मालक," तो म्हणाला. "वाळूतलं आमच्या इवायांइतकं कुणालाच कळत न्हाई."