माशाचा फोटो

“फोनवरच्या फोटोत माझा मासा बोटाएवढा दिसतो,” सासरे म्हणाले. “आमच्या तळ्यावरची मंडळी हसतात. मला एक चांगला कॅमेरा निवडून द्या, जावईबापू.”

जावई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. अपघातानंतर त्याच्या उजव्या हाताची बोटं पुरती मिटत नव्हती. कॅमेरा उचलला की हात थरथरायचा. तेव्हापासून त्याच्या स्टुडिओचं शटर खाली होतं आणि घरात कोणी कॅमेऱ्याचं नावही काढत नसे. सासऱ्यांनी मात्र लेकीकडे राहायला आल्या आल्या तोच विषय काढला.

“दुकानदाराला विचारा ना,” तो म्हणाला.

“विचारलं. चंद्रावरचे खड्डे दिसतील असला कॅमेरा दाखवला त्यानं. मला मासा दिसला तरी पुरे.”

जावई त्यांच्याकडे वळला. “पाण्यात पडला तरी चालेल असा घ्या. लहानसा. हातात धरायचाच नाही, क्लॅम्पनं कुठंतरी अडकवायचा. सोबत रिमोट हवा, म्हणजे…” तो थांबला. “जाऊ दे.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे हात मोकळे राहतात.”

बायको भरलेला डबा घेऊन दारात उभी होती. तिनं वडिलांकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि डब्याचं झाकण दाबून लावलं.

कॅमेरा आला. सासरे एकटेच जवळच्या तळ्यावर जाऊन आले आणि त्यांनी काढलेले फोटो जावयाच्या पुढ्यात ठेवले. मासा कमी, अंगठाच जास्त. एका फोटोत तर नुसतं आभाळ होतं.

“उलटा लावलाय तुम्ही,” जावई म्हणाला.

“मग तुम्हीच येऊन सुलटा लावून द्या. नाहीतर हे लचांड मी परत करून टाकतो.”

जावई गेला तो पाच मिनिटांसाठी म्हणून. सासरे घाटाच्या अगदी वरच्या पायरीवर बसून लांबूनच गळ टाकत होते. जवळ गेलं की मासे सावध होतात, म्हणाले. चष्मा घरी राहिला म्हणून आमिष शेजारच्या माणसाकडून लावून घेतलं. मासा लागला तो तळहाताएवढा, आणि फोटोत तो पांढरा फटक आला.

“खवले आरशासारखे असतात, बाबा. डोक्यावरचं ऊन चालत नाही. कडेनं उजेड हवा. सकाळी यायला पाहिजे.”

“मग सकाळी येऊ,” सासरे म्हणाले.

सकाळच्या फेऱ्या सुरू झाल्या. क्लॅम्प घसरायचा, म्हणून जावयानं त्याखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा दिला. रिमोट डाव्या अंगठ्यानं दाबायची सवय केली. सुरुवातीला बटण उशिरा दाबलं जायचं आणि फोटोत माशाची नुसती शेपटी यायची. पूर्वी आंघोळीला उठवायला बायकोला त्याला दहा हाका माराव्या लागत. आता तो तिच्या आधी उठून सासऱ्यांच्या चपला दाराशी आणून ठेवू लागला.

पण फोटो काही त्याच्या मनासारखा येईना. “मागे कठड्याचे गज येतात,” तो एकदा म्हणाला. “मासा तुरुंगात असल्यासारखा दिसतो. होडीतून घेऊ. मागे नुसतं पाणी.”

सासरे दोरी गुंडाळत राहिले. गुंडाळून झाली तरी हात फिरतच होता.

“होडीतूनच घ्यायला हवा का?”

“फोटो चांगला हवाय ना?”

“हवाय तर,” सासरे म्हणाले. “चला.”

होडीत त्यांनी लाइफ जॅकेटचे पट्टे हनुवटीपर्यंत आवळून घेतले. जावयानं समोरच्या फळीला कॅमेरा लावला, चौकट बघितली, पुन्हा हलवला. मासा लागला की होडीवाला तो काढून सासऱ्यांच्या हातात द्यायचा आणि सासरे तो एकाच हातानं धरायचे. डावा हात होडीच्या काठावर.

“दोन्ही हातांनी धरा, बाबा.”

“मग होडी कोण धरणार?”

होडीवाला खो खो हसला. जावईही हसला. आपण हसतोय हे त्याचं त्यालाच जरा उशिरा कळलं.

असे बरेच दिवस गेले. एका हातातला मासा निसटायचा नाहीतर वाकडा लोंबायचा. मग एका सकाळी मोठं धूड लागलं. होडीवाल्यानं ते कसंबसं वर ओढलं, होडी डगमगली आणि उजेड नेमका कडेनं आला.

“बाबा, दोन्ही हात. आत्ताच.”

सासऱ्यांनी डोळे मिटले. काठावरचं बोट न् बोट सोडवलं आणि मासा दोन्ही हातांनी छातीशी उचलला.

“डोळे उघडा.”

त्यांनी उघडले. जावयानं अंगठा दाबला.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर खवला न् खवला मोजता येत होता. पाण्याचे थेंब हवेतच थांबले होते. कुठंही थरथर नव्हती. जावई बराच वेळ बघत राहिला.

“स्टँड तर स्टुडिओतही आहेत,” तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला.

सासऱ्यांनी मासा पाण्यात सोडून दिला. “मिळाला ना मनासारखा?”

“मिळाला.”

“मग मी आता घरी जायला मोकळा.”

स्टुडिओचं शटर वर करायला बायकोनं हात लावला. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक जावळ न काढलेलं बाळ, क्षणभर एका जागी न राहणारं. जावयानं कॅमेरा स्टँडवर चढवला, डाव्या हातात रिमोट घेतला आणि बाळाला हसवायला उजव्या हाताची वाकडी बोटं नाचवली. फोटो बघून बाळाच्या आईनं लगेच मोठी प्रत मागितली.

मग त्यानं सासऱ्यांचा फोटो मोठा करून फ्रेम केला आणि बायकोला घेऊन सासुरवाडी गाठली. सासरे भाजी आणायला गेले होते. सासूबाईंनी ओले हात पुसून फ्रेम घेतली, खिडकीशी नेली आणि हळूच खुर्चीत बसल्या.

“आवडला नाही का, आई?” जावयानं विचारलं.

“हे होडीत कसे बसले?” त्यांनी फ्रेमवरून नजर न काढता विचारलं. “लहानपणी यांचा धाकटा भाऊ यांच्या हातातून सुटून बुडाला. तेव्हापासून हे तळ्याच्या काठालासुद्धा गेले नाहीत. गळ टाकणं तर दूरच.”