मोठ्याने वाच

"मिठागरात काम करणाऱ्या स्त्रियांच्या पायांना स्वल्पविराम विशेषतः टाचांना स्वल्पविराम खोल भेगा पडतात पूर्णविराम." रसिकाला मध्येच हसू फुटलं. "आई, भेगा या स्वल्पविरामांनीच पडल्यात असं वाटतंय!"

"वाच गं. संध्याकाळच्या टपालात पडायला हवंय."

संशोधनाच्या त्रैमासिकात उर्मिलाचा पहिलाच लेख येणार होता. शेवटचं प्रूफ समोर होतं आणि त्याला संपादकांची चिठ्ठी टाचलेली होती: फक्त छपाईच्या चुका दुरुस्त कराव्यात, मजकुरात बदल करू नये. रसिका मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायची, विरामचिन्हांसकट. उर्मिला प्रुफावर लाल पेन घेऊन ओळीमागून ओळ सरकायची.

रसिकाचा आवाज म्हणजे काय, गॅदरिंगला माइक बंद पडला तरी कुणाला कळलं नव्हतं. त्यात दुपारची लाइट गेलेली. शांती नगरातले सगळे टीव्ही गप्प. तळमजल्याचं दार वाऱ्यासाठी सताड उघडं, आणि उंबऱ्यात मावरंवाली मंदा बोंबील साफ करत बसलेली. लेखासाठी बायका बोलत नव्हत्या तेव्हा हिनेच उर्मिलाला आपल्या गावात नेलं होतं, घराघरांत बसवलं होतं. स्वतःच्या घरातसुद्धा.

"काय गो, मंत्र हाय का ह्यो?" मंदाने विचारलं. "सोल्पविराम, सोल्पविराम..."

"मंदामावशी, तुमच्या मिठागराचंच आहे! मोठ्या लोकांच्या मासिकात छापून येतंय."

"आमच्या पायांचं? मंग फोटू हाय काय?"

"फोटो नाही."

"मंग काय कामाचं!" मंदा हसली आणि पुढचा बोंबील उचलला.

आता मुलाखती आल्या. रसिका याचीच वाट बघत होती. ती सरळ बसली, मान थोडी कलती केली आणि आवाजच बदलला. "सुगंधा कंस सुरू नाव बदललं आहे कंस पूर्ण. अवतरण सुरू. जुळ्या पोरींच्या पाठी परत दिवस राहिले पूर्णविराम. डोक्यावर मिठाची पाटी स्वल्पविराम पोटात ते पूर्णविराम. माझ्यात जीव न्हवता पूर्णविराम. मीच गेले दवाखान्यात पूर्णविराम. बोलले स्वल्पविराम मोकली करा मला पूर्णविराम. घरी सांगितलं स्वल्पविराम मिठात पाय घसरला स्वल्पविराम पडले स्वल्पविराम त्यात गेलं पूर्णविराम."

काय जमलं होतं! रसिकाने शाबासकीसाठी आईकडे बघितलं.

आई तिच्याकडे बघतच नव्हती. ती दाराकडे बघत होती.

मंदाची सुरी थांबली होती.

"जुळ्या पोरींची आई आमच्या गावात एकच हाय," ती म्हणाली. "आमची गोदू. माझ्या भावाची बायको."

"मंदा, ही दुसरी कुणी..."

"त्या दिवशी मला बाहेर बसवलंत, बाई. तिच्याशी बोलायचं म्हणून. मला वाटलं, पायांचं बोलताय."

उर्मिलाने पेन उचललं आणि प्रुफातल्या त्या परिच्छेदावर आडवी रेघ ओढली. मग आणखी एक. पेनाच्या टोकाने कागद फाटला.

"आई," रसिका कुजबुजली, "पण ही छपाईची चूक नाहीये."

"गप्प बस."

"ती घसरली म्हणून तिच्या पायांना तेल चोळलं मी," मंदा म्हणाली. कुणाला सांगत होती कळत नव्हतं. "भाऊ माझा जेवला न्हवता. आई उठता बसता देवाला इचारायची, आमचं काय चुकलं." तिने रसिकाकडे मान वळवली. "पुढं काय बोलली ती? वाच की."

"रसिका, ठेव ते," उर्मिला म्हणाली.

रसिकाच्या हातात कागद होता. पुढची ओळ तिने आधीच वाचली होती, मनात. तिने एकदा आईकडे बघितलं, एकदा मंदाकडे. मग तिने वाचलं. मान सरळ ठेवून, नाटकाशिवाय, इतक्या हळू की आयुष्यात कधी वाचलं नव्हतं.

"नणंदेला सांगेन असं रोज येतं मनात स्वल्पविराम बहिणीसारखी हाय ती पूर्णविराम. पण तिला तिचा भाऊ लई लाडका पूर्णविराम. अवतरण पूर्ण."

मंदाने सुरी पदराला पुसली. बोंबील ताटलीत ठेवले, ताटली आत सरकवली, आणि उरलेलं मावरं ओल्या फडक्याखाली झाकलं. पाटी डोक्यावर घ्यायला उर्मिला हात लावायला उठली. रोज लावायची. मंदाने स्वतःच पाटी उचलली.

"मंदा, हे छापणार नाही मी. अख्खा लेख परत मागवीन. तू फक्त घरी..."

"छापा न्हायतर नका छापू. माझ्या भावाला वाचता कुठं येतंय." ती उंबऱ्याबाहेर जाऊन वळली. "पण दार तरी लावायचंत, बाई."

आणि तिने बाहेरून दार ओढून घेतलं.

घरात एकदम अंधारलं. प्रुफावरचं लाल काही दिसेना.

आता ती जिना चढेल आणि वरच्या मजल्यावर रोजची हाळी देईल. आज बुधवार, वरच्या काकू तिची वाट बघत असणार. दोघी मायलेकी बंद दाराकडे कान लावून बसल्या.

हाळी आली नाही.