रंगाचा दुसरा हात

डोंगराखालची गावं गिळून जड विषारी हवा आता गल्लीच्या तोंडाशी आली होती. गॅरेजमध्ये मिलिंदरावांनी नातीला वजनकाट्यावर उभं केलं. अकरा वर्षं खपून त्यांनी घरीच बांधलेलं विमान त्यांच्याखेरीज बावीसच किलो उचलणार होतं. नातीला उंच पठारावर सोडून ते बायकोला न्यायला परतणार होते.

"चोवीस," ते बायकोला म्हणाले. "विमानाला दिलेला तुझा तो रंगाचा दुसरा हात नडला बघ."

"दिसतंय मात्र देखणं!" वृषालीबाई म्हणाल्या. "परतीचं पेट्रोल काढा."

"अगं, वर थेंबभर मिळणार नाही."

वृषालीबाईंनी स्वतःच टाकीखाली डबा धरला.

"आजी, तू कधी येणार?"

"आजोबांच्या दुसऱ्या फेरीला, बाळा." डबा भरेपर्यंत त्या पंखाच्या कापडावरचे आपलेच टाके बघत राहिल्या.